मोटारगाडीचे कुशनकाम

मोटारगाडीचे कुशनकाम म्हणजे मोटारीची आसने, दारांच्या आतील बाजू, छत व तळ यांवर कापड, चामडे किंवा रेक्झीन यांचे आच्छादन शिवून अथवा चिकटवून बसवण्याचे आणि आसनांच्या गादीचा भराव घडवण्याचे काम होय. नव्या गाड्यांसाठी हे काम कारखान्यांत होते. जुन्या गाड्यांची दुरुस्ती आणि मालकाच्या आवडीप्रमाणे अंतर्भागाची सजावट ही कामे लहान दुकानांत केली जातात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः अमेरिकेतील हौशी मोटारप्रेमींमध्ये, हे काम स्वतः शिकून घरच्या घरी करण्याची परंपराही रुजली आहे.

बाहेरून पाहता हे शिवणकाम वाटते. प्रत्यक्षात त्यात नमुना काढणे, शिवणे, भराव घडवणे आणि आच्छादन ओढून बसवणे अशी चार निरनिराळी कौशल्ये लागतात. नवशिक्याला त्यांपैकी बहुतेक गोष्टी गाडीचे जुने आच्छादन काळजीपूर्वक उसवूनच शिकता येतात. मात्र १९९० च्या दशकापासून आसनांमध्ये एअरबॅग व त्यांच्याशी निगडित संवेदक बसवले जाऊ लागले. त्यामुळे आसन हा गाडीच्या सुरक्षाव्यवस्थेचा भाग बनला आहे आणि हौशी कारागिराने कोठे थांबावे हे ठरवणे, हा या विद्येचा आवश्यक भाग झाला आहे.

इतिहास

घोडागाडीपासून मोटारीपर्यंत

मोटारीचे कुशनकाम घोडागाड्यांच्या सजावटीतून आले. सुरुवातीच्या मोटारींची आसने लाकडी चौकटीवर गुंडाळी स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, घोड्याच्या केसांचा भराव आणि सर्वांत वर चामडे अशा थरांनी बनत. भराव जागचा हलू नये म्हणून ठरावीक अंतरावर गुंड्या ओढून बांधल्या जात. उघड्या गाड्यांत पावसापाण्याला टिकणारे चामडे वापरले जाई, तर बंद गाड्यांच्या मागील भागात लोकरी कापडाला पसंती असे. ब्रिटनमध्ये १८७८ साली स्थापन झालेल्या कॉनोली या पेढीचे चामडे रोल्स-रॉइस व जॅग्वार यांसारख्या गाड्यांत वापरले जात असे.

चामडे महाग असल्याने कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन कृत्रिम चामडे तयार करण्यात आले. अमेरिकेत अशा ‘फॅब्रिकॉइड’ कापडाचा व्यवसाय ड्यूपाँ कंपनीने १९१० मध्ये विकत घेतला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील हाइड येथील रेक्झीन कंपनी असे कापड बनवत असे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत कोणत्याही कृत्रिम चामड्याला ‘रेक्झीन’ म्हणतात, ते या कंपनीच्या नावावरूनच. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्वलनशील नायट्रोसेल्युलोजची जागा पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या लेपाने घेतली आणि आज रेक्झीन म्हणून विकला जाणारा बहुतेक माल याच प्रकारचा असतो.

भरावातही असाच बदल झाला. डनलॉप कंपनीने १९२९ मध्ये रबराच्या चिकापासून फेसाळ गादी तयार केली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनपासून १९५० च्या दशकात मऊ फोम व्यापारी प्रमाणावर बनू लागला. साच्यात ओतून आसनाचा हवा तो आकार थेट मिळू लागल्याने घोड्याचे केस आणि काथ्या हळूहळू मागे पडले.

कॅलिफोर्नियातील हौशी परंपरा

मालकाच्या आवडीप्रमाणे मोटार बदलण्याची चळवळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात बहरली. लॉस एंजेलिस येथील कार्सन टॉप शॉप हे दुकान घडी न होणाऱ्या, पण काढता येणाऱ्या गादीदार छतांसाठी प्रसिद्ध होते. या काळातील गाड्यांच्या अंतर्भागाची ओळख म्हणजे आसनावर उभ्या, फुगीर व समांतर पट्ट्यांची शिलाई होय. तिला तेथे ‘टक अँड रोल’ म्हणतात. शर्मन ओक्स येथील टोनी नॅन्सी हे एकाच वेळी नामवंत कुशन कारागीर आणि ड्रॅग शर्यतींतील चालक होते.

अमेरिकेतील दुकानांचे दर न परवडणारे तरुण १९५० व १९६० च्या दशकांत सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरात गाड्या नेत. तेथे काम स्वस्तात व झटपट होई. पट्ट्यांत नेमके काय भरले जाते याविषयीच्या कहाण्या मात्र पुढे लोककथांसारख्या पसरल्या. पैसे वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे काम स्वतः शिकणे. जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेल्या ‘हॉट रॉड’ सारख्या नियतकालिकांनी स्वतःच्या हाताने गाडी घडवण्याच्या वृत्तीला खतपाणी घातले.

मेक्सिकन-अमेरिकन समाजात विकसित झालेल्या ‘लोरायडर’ गाड्यांनी कुशनकामाला वेगळे वळण दिले. गुंड्यांनी ओढलेल्या गाद्या, चुरगळलेल्या पोताचा मखमल आणि फिरती आसने ही त्यांची वैशिष्ट्ये आहेत. ‘जिप्सी रोज’ या नावाने ओळखली जाणारी १९६४ ची शेव्हरले इंपाला ही गाडी आणि तिचा गुलाबी मखमली अंतर्भाग यांची गणना या परंपरेतील सर्वाधिक प्रसिद्ध उदाहरणांत होते.

साहित्य

आच्छादन

रेक्झीन स्वस्त, पुसता येण्याजोगे आणि सर्वत्र सारख्या जाडीचे असल्याने शिकण्यासाठी सर्वांत सोयीचे मानले जाते. ते साधारणपणे १३७ सेंटीमीटर पन्ह्यात मिळते. पाठीमागे विणीचे कापड असलेले रेक्झीन वक्र भागांवर चांगले ताणले जाते. मात्र त्याचा ताण आडव्या व उभ्या दिशेने सारखा नसतो. त्यामुळे सर्व तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात.

चामडे चौरस फुटांवर विकले जाते. एकाच कातड्यात पाठीचा भाग घट्ट व एकसारखा, तर पोटाचा भाग सैल व ताणला जाणारा असतो. म्हणून बसण्याच्या व पाठीच्या मुख्य पट्ट्या पाठीच्या भागातून काढतात आणि पोटाकडील भाग झाकल्या जाणाऱ्या कडांसाठी ठेवतात. ओरखडे व डाग टाळून कापावे लागत असल्याने बरेच चामडे वाया जाते. जपानमधील तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये तयार केलेल्या सूक्ष्मतंतूंच्या तंत्रातून ‘अल्कांतारा’ हे पॉलिस्टर व पॉलियुरेथेन यांचे, इटलीत बनणारे कापड आले. त्याला लव असते, त्यामुळे दोन तुकड्यांची दिशा उलटी झाल्यास रंग वेगळा भासतो.

भराव

फोमची घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन. त्यावर फोम किती काळ टिकेल हे अवलंबून असते. कडकपणा म्हणजे तो दाबण्यासाठी लागणारे बल. कमी घनतेचा फोमही हाताला कडक लागू शकतो, पण रोजच्या वापराने तो लवकर बसतो. आच्छादनाच्या मागे सहसा ५ ते १२ मिलिमीटर जाडीचा, पाठीला जाळीदार कापड असलेला पातळ फोम शिवला जातो. त्यामुळे पृष्ठभाग भरदार दिसतो व सुरकुत्या लपतात.

दोरा व चिकटद्रव्य

सुती दोरा ऊन व घाम यांनी कुजतो, म्हणून नायलॉन किंवा पॉलिस्टरचा दोरा वापरतात. नायलॉन अधिक चिवट असते. परंतु सूर्यप्रकाशात पॉलिस्टर जास्त टिकते. त्यामुळे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी आणि उघड्या टपांसाठी पॉलिस्टर योग्य ठरते. फोम व कापड जोडण्यासाठी वापरले जाणारे चिकटद्रव्य, म्हणजे बाजारातील ‘सोल्यूशन’, उष्णतेला टिकणारे असावे लागते. उन्हात बंद उभ्या गाडीच्या आतील तापमान ६० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते आणि साधी चिकटद्रव्ये त्या तापमानाला सैल पडतात.

अवजारे

घरगुती शिलाई यंत्र रेक्झीनचे दोन थर शिवू शकते. पायपिंगच्या जागी मात्र चार थर आणि फोम एकत्र येतात. तेथे त्याची ताकद अपुरी पडते. त्याहून मोठी अडचण कापड सरकण्याची असते. घरगुती यंत्रात केवळ खालचे दाते कापड पुढे ढकलतात, त्यामुळे वरचा थर मागे राहतो आणि लांब शिवणीच्या शेवटी दोन्ही कडा जुळत नाहीत. कुशनकामाच्या यंत्रात दाते, सुई आणि वरचा पाय हे तिन्ही कापडासोबत पुढे चालतात. सिंगर कंपनीची १११ डब्ल्यू मालिकेतील यंत्रे या प्रकारासाठी दीर्घकाळ ओळखली जात. अशी जुनी यंत्रे आजही वापरात आढळतात.

सुई सहसा ११० ते १२५ क्रमांकाची असते. चामड्यासाठी कापत जाणाऱ्या धारदार टोकाची, तर रेक्झीनसाठी गोल टोकाची सुई निवडतात. टाका साधारण ४ मिलिमीटर लांबीचा ठेवतात. बारीक टाका मजबूत असतो हा कपड्यांच्या शिलाईतील समज येथे उलटा ठरतो. रेक्झीनमध्ये पडलेले छिद्र बुजत नाही, त्यामुळे फार जवळ घातलेल्या टाक्यांच्या रेषेवर ते टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे फाटते.

याशिवाय धारदार मोठी कात्री, शिवण उसवण्याचे पाते, आरी, खडू, तपकिरी कागद, वाफेची इस्त्री आणि हॉग रिंगची पक्कड लागते. हॉग रिंग ही टोकदार तारेची अर्धगोल कडी असते. आच्छादनात ओवलेली तार आसनाच्या सांगाड्याला किंवा फोममधील तारेला बांधण्यासाठी ती पक्कडीने दाबून बंद करतात.

शिकण्याचा क्रम

या कामात सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा क्रम बराचसा ठरलेला आहे. प्रथम टाकाऊ रेक्झीनवर सरळ रेषा, ठरावीक त्रिज्येची वळणे आणि कडेपासून समान अंतर राखण्याचा सराव केला जातो. त्यानंतर दारावरील सपाट पट्ट्या, हात टेकण्याची जागा आणि गिअरच्या दांड्याचे आवरण ही लहान कामे घेतली जातात. त्यांत चूक झाली, तर थोडेच साहित्य वाया जाते आणि सुरक्षेला धक्का लागत नाही.

पुढचा टप्पा मागील आसनाचा असतो. त्याचे भाग मोठे, वळणे कमी आणि यंत्रणा साधी असते. बाजूंना उंच आधार असलेली पुढील आसने सर्वांत शेवटी येतात. डॅशबोर्डवर चामडे चढवणे हे दिसायला सोपे, पण तज्ज्ञ कारागिरांनाही जिकिरीचे वाटणारे काम आहे. शिवाय प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग त्याच्याच आत असते.

आसनाचे आच्छादन शिवण्याची पद्धत

उसवणी व नमुना

आसन गाडीतून काढल्यावर प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले जाते. हॉग रिंगा कापून आच्छादन सोडवतात. त्यात ओवलेल्या तारा पुन्हा लागणार असल्याने त्या जपून ठेवतात. पुढील दोन आसने एकमेकांची आरशातील प्रतिमा असतील, तर एकाच आसनाचे आच्छादन उसवून दुसरे अखंड ठेवण्याची पद्धत आहे. कोणता तुकडा कोणत्या क्रमाने जोडला होता हे अखंड आच्छादनावर पाहता येते.

शिवण उसवण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला जातो आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंवर दर काही सेंटीमीटरला जुळणीच्या खुणा केल्या जातात. नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक सुटणारी पायरी हीच आहे. वक्र शिवणीत एक कड लांब आणि दुसरी आखूड असते. त्यांच्या फरकातूनच गादीला गोलाई मिळते. खुणा नसतील, तर हा फरक चुकीच्या जागी पडतो आणि आच्छादन पिळवटल्यासारखे बसते. उसवलेले तुकडे सपाट करून कागदावर आखतात. जुने कापड वापराने ताणले गेलेले असल्यास त्याचे माप तंतोतंत न घेता शेजारच्या तुकड्याशी पडताळून दुरुस्त करतात. शिवणीसाठी कडेने साधारण १२ मिलिमीटर जागा सोडली जाते.

शिवण व बसवणी

आधी मधल्या पट्ट्यांची सजावटीची शिलाई होते, मग बाजूचे आधार जोडले जातात आणि शेवटी तार ओवण्याच्या पट्ट्या शिवतात. दिसणाऱ्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना वरून समांतर टाके घातल्यास शिवण सपाट बसते व तिला बळकटी येते.

आच्छादन चढवण्यापूर्वी गादीचा भराव तपासला जातो. झिजलेली कड नव्या फोमचा तुकडा चिकटवून व घासून पूर्ववत केली जाते. फोम व आच्छादन यांच्यामध्ये तात्पुरता पातळ प्लास्टिकचा कागद ठेवल्यास आच्छादन सहज सरकते. प्रथम मधल्या खाचेतील तारा बांधतात, नंतर समोरची कड आणि शेवटी दोन्ही बाजू आळीपाळीने ओढतात. राहिलेल्या बारीक सुरकुत्या वाफेने किंवा उन्हाच्या उष्णतेने निघतात. शिवण तिरकी गेल्यामुळे पडलेली सुरकुती मात्र कितीही ओढले तरी जात नाही. ती उसवूनच दुरुस्त करावी लागते.

पट्ट्यांची व चौकटींची शिलाई

फोमसह शिवलेल्या समांतर पट्ट्यांमुळे कापडाची रुंदी घटते, कारण प्रत्येक टाक्याच्या रेषेशी कापड फोममध्ये थोडे खाली ओढले जाते. एका रेषेशी ३ मिलिमीटर घट धरली, तरी १२ रेषांत ती ३६ मिलिमीटर होते. यासाठी प्रथम त्याच कापडाचा व फोमचा लहान नमुना शिवून प्रत्यक्ष घट मोजतात, पट्ट्या मोठ्या तुकड्यावर शिवून घेतात आणि त्यानंतरच नमुन्याप्रमाणे तुकडा कापतात. तिरक्या रेषांनी बनणाऱ्या चौकटींच्या शिलाईत, म्हणजे ‘डायमंड’ नक्षीत, घट दोन्ही दिशांनी होते. शेजारच्या दोन तुकड्यांवरील रेषा शिवणीपाशी जुळणे ही चांगल्या कामाची खूण मानली जाते.

छताचे अस्तर

जुन्या गाड्यांत छताचे कापड खाली लोंबू लागणे ही सर्वसामान्य तक्रार आहे. कापडाच्या पाठीवरील पातळ फोम उष्णतेने व दमटपणाने जुना होऊन त्याचा भुगा होतो. अशा वेळी कापडाला पुन्हा चिकटद्रव्य लावून उपयोग होत नाही, कारण खालचा थरच उरलेला नसतो. छताचा पुठ्ठा बाहेर काढून, जुना फोम पूर्णपणे खरवडून, नवे फोमयुक्त कापड मध्यापासून कडांकडे चिकटवत नेणे हा योग्य उपाय होय. पुठ्ठा बाहेर काढताना तो वाकला, तर त्यावर कायमची घडी पडते. ज्या गाड्यांत पडद्यासारख्या एअरबॅग असतात, त्यांत त्या छताच्या कडेला व खांबांवरील आवरणांमागे दडवलेल्या असतात. अशा आवरणांवर जाड थर चढवणे किंवा ती कायमची चिकटवून टाकणे धोक्याचे असते.

सुरक्षितता

१९९० च्या दशकाच्या मध्यात व्होल्वो ८५० या गाडीत आसनाच्या बाजूला एअरबॅग देण्यात आली आणि पुढे ही रचना अनेक कंपन्यांनी स्वीकारली. अपघातात अशी एअरबॅग सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात आच्छादनाची ठरावीक शिवण फाडून बाहेर येते. त्या शिवणीचा दोरा, टाक्याची लांबी व ताण कारखान्यात ठरवून दिलेले असतात. अधिक मजबूत दोऱ्याने ती शिवणे, तिच्यावर दुसरा टाका घालणे किंवा वरून अखंड कव्हर चढवणे यांमुळे एअरबॅग उशिरा अथवा भलत्या दिशेने उघडू शकते. शिवणकामात सहसा गुण ठरणारी मजबुती येथे दोष ठरते. म्हणून आसनाच्या बाजूला एअरबॅगची खूण असल्यास त्या बाजूचे मूळ आच्छादन तसेच ठेवणे किंवा काम प्रशिक्षित व्यक्तीकडे सोपवणे योग्य मानले जाते.

आसन काढण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवून गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे लागते, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ विद्युतभार साठून राहतो. एअरबॅग व सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या तारा साध्या मीटरने तपासणे टाळले जाते. प्रवासी बसला आहे की नाही हे ओळखणारा संवेदक काही गाड्यांत फोमसह एकत्रच जुळवलेला असतो. तेथे फोमची जाडी बदलल्यास त्याचा अंदाज चुकू शकतो. तापक तारांतून सुई गेल्यास आसन एका जागी जास्त तापण्याचा धोका असतो. आसन परत बसवताना त्याचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापाइतके आवळणे आवश्यक असते.

अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळते यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या ३०२ क्रमांकाच्या मानकानुसार हा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. भारतात या विषयासाठी आय. एस. १५०६१ हे मानक आहे. घरातील सोफ्यासाठी किंवा पडद्यासाठी विकले जाणारे कापड व फोम या कसोटीला उतरतीलच असे नाही. चिकटद्रव्याची वाफ ज्वलनशील व अपायकारक असल्याने फवारणी मोकळ्या हवेत, मुखपट्टी लावून व ज्योतीपासून दूर केली जाते.

भारतातील स्थिती

भारतात हे काम प्रामुख्याने ‘कुशन वर्क्स’ अशा पाट्या लावलेल्या लहान दुकानांत चालते. तेथील विद्या उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून मिळते. मोटारीची आसने, दुचाकीच्या गाद्या, रिक्षाचे रेक्झीनचे हूड आणि ट्रकच्या केबिनमधील बैठका ही सर्व कामे बहुधा एकाच ठिकाणी होतात. मुंबईतील कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता, पुण्यातील नाना पेठ आणि दिल्लीतील करोल बाग येथील वाहनसाहित्याच्या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. दुचाकीच्या गादीचे आच्छादन मोजक्या तुकड्यांचे असते आणि खालच्या पायावर पिना मारून बसवता येते, त्यामुळे भारतातील हौशी शिकाऊंसाठी ते सोयीचे पहिले काम ठरते.

मूळ आच्छादन न काढता त्यावर बेतून शिवलेले कव्हर चढवण्याची पद्धत भारतात विशेष रूढ आहे. त्यामुळे मूळ कापड नवे राहते. परंतु बाजूच्या एअरबॅगचा अडथळा होण्याची शक्यता याच पद्धतीत अधिक असते. म्हणून अशा गाड्यांसाठी बाजूला मोकळी जागा किंवा सहज फाटणारी शिवण ठेवलेली कव्हरे मिळतात.

संपूर्ण अंतर्भाग नव्याने घडवण्याचे काम भारतात दिलीप छाब्रिया यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या डीसी डिझाइन या संस्थेमुळे चर्चेत आले. मुंबईत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण आरेखनकारांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या आसनांसाठी व छतांसाठी शहरातील जीवनावर आधारित कापडे तयार केली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. बैठकक्षमतेची नोंद या प्रमाणपत्रात असते. त्यामुळे आच्छादन किंवा रंग बदलणे आणि आसनांची संख्या बदलणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.